एक्स्टर्नल हार्ड डिस्क संगणकाला वारंवार दिसेनाशी होते तेव्हा शोध कुठून सुरू करावा

पुण्यातल्या पेठांमधील डीटीपीची कार्यालये, फोटो स्टुडिओ आणि सनदी लेखापालांची कार्यालये यांचा वर्षानुवर्षांचा बॅकअप बहुधा एखाद्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवरच असतो, आणि ऐन कामाच्या घाईत नेमकी तीच डिस्क संगणकाला दिसत नाही. केबल काढून पुन्हा लावली की ती दिसू लागते, काम पुढे सरकते आणि चार-आठ दिवसांनी तोच प्रकार पुन्हा घडतो. हे लेखन अशा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या तक्रारीविषयी आहे. केबल हलवल्याने डिस्क दिसू लागली म्हणजे दोष गेला, असे समजण्यात मोठा धोका आहे. कारण लिहिण्याचे काम सुरू असताना डिस्क दर वेळी अशी मध्येच तुटली की तिच्यावरील फाइल सिस्टिमच्या, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे हे सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या, नोंदी अर्धवट राहतात आणि केबलचा साधा दोष हळूहळू डेटाच्या नुकसानीपर्यंत जाऊन पोहोचतो.

‘डिस्क दिसत नाही’ या एकाच तक्रारीखाली किमान तीन वेगळे दोष येतात. एका प्रकारात डिस्कला वीजच मिळत नाही किंवा अपुरी मिळते. दुसऱ्यात जोडल्याचा आवाज येतो, पण संगणकाला आपल्याला काय जोडले आहे हे ओळखता येत नाही. तिसऱ्यात संगणकाने डिस्क ओळखलेली असते, फक्त तिच्यावरचे पार्टिशन, म्हणजे डेटासाठी आखलेला भाग, ‘धिस पीसी’मध्ये उघडत नाही. म्हणून तपासणी वीज, केबल, पोर्ट, केसिंगमधले (डिस्कभोवतीच्या डबीतले) सर्किट, प्रत्यक्ष डिस्क, पार्टिशन आणि शेवटी फाइल सिस्टिम या क्रमाने करावी. पुष्कळ जण नेमकी उलट्या टोकाने सुरुवात करतात. ड्रायव्हर अपडेट करतात, कसले तरी रिकव्हरी सॉफ्टवेअर उतरवून घेतात, प्रसंगी विंडोज नव्याने टाकतात आणि अखेर दोष केबलमध्ये निघतो. पाच मिनिटांत होणारी हाताळून पाहण्याची तपासणी सोडून सॉफ्टवेअरच्या मागे लागण्यात काहीच शहाणपण नाही.

तपासणीला हात घालण्यापूर्वी एक पथ्य कटाक्षाने पाळावे. डिस्क जोडल्यावर विंडोज ‘वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ असे सांगत असेल किंवा डिस्क मॅनेजमेंट (विंडोजमधील डिस्क आणि पार्टिशन दाखवणारे साधन) उघडताच ‘इनिशियलाइज’ करण्याची खिडकी समोर येत असेल, तर दोन्ही ठिकाणी ‘कॅन्सल’ म्हणावे. इनिशियलाइज केल्याने पार्टिशनची नोंद नव्याने लिहिली जाते. क्विक फॉरमॅटने डेटा लगेच पुसला जात नसला तरी कोणती फाइल कुठे आहे याची मूळ नोंद विस्कटते. विंडोज व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट केल्यास मात्र सगळ्या डिस्कवर शून्ये लिहिली जातात आणि त्यानंतर कोणीही काहीही परत आणू शकत नाही.

वीज

२.५ इंची, म्हणजे खिशात मावणाऱ्या डिस्कला वेगळा अ‍ॅडॉप्टर नसतो. तिला लागणारी सगळी वीज यूएसबी पोर्टमधूनच मिळते. यूएसबी २ च्या मानकानुसार पोर्टने ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर द्यावेत आणि यूएसबी ३ च्या मानकानुसार ९०० मिलिअँपिअर. फिरती डिस्क सुरू होताना, म्हणजे थाळी स्थिर अवस्थेतून पूर्ण वेगाला येईपर्यंतच्या काही सेकंदांत, सर्वाधिक प्रवाह ओढते. एकदा वेग आला की गरज बरीच कमी होते. त्यामुळे वीज अपुरी असल्याची खूण ठरलेली आहे: दिवा लागतो, डिस्क फिरू लागल्याची हलकी थरथर हाताला जाणवते, एक ‘टक्’ असा आवाज येतो, थरथर थांबते आणि काही क्षणांनी हेच चक्र पुन्हा सुरू होते. हा आवाज ऐकून डिस्क गेली असे पुष्कळांना वाटते. डिस्क खरोखर जात असतानाही साधारण असाच आवाज येतो हे खरे. पण विजेची खात्री केल्याशिवाय हा निष्कर्ष काढू नये.

डेस्कटॉप असेल तर डिस्क कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमधून काढून मागच्या पोर्टला लावावी. मागची पोर्टे थेट मदरबोर्डवर असतात. पुढच्या पोर्टांपर्यंत कॅबिनेटच्या आतून एक बारीक केबल आलेली असते. तिच्यात व्होल्टेज पडते आणि तिचे जोडही सैल होतात. ज्या हबला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर नाही अशा हबवर डिस्क कधीही लावू नये, कारण तिथे एकाच पोर्टची वीज माउस, पेन ड्राइव्ह आणि डिस्क यांच्यात वाटली जाते.

३.५ इंची, टेबलावर ठेवायच्या डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अ‍ॅडॉप्टर असतो आणि या प्रकारात माझा पहिला संशय नेहमी अ‍ॅडॉप्टरवरच जातो. आतले कपॅसिटर जुने झाले की तो दिवा लावण्यापुरती वीज देतो, मोटर फिरवण्यापुरती देत नाही. मल्टिमीटर लावून मोजले तर १२ व्होल्ट दिसतात आणि अ‍ॅडॉप्टर निर्दोष असल्याचा समज होतो; मात्र ते मोजमाप भाराविना घेतलेले असते, आणि डिस्क जोडल्यावर तेच व्होल्टेज कोसळते. म्हणून मोजण्यापेक्षा दुसरा अ‍ॅडॉप्टर लावून पाहणे अधिक भरवशाचे. दुसरा अ‍ॅडॉप्टर घेताना व्होल्टेज नेमके तेच, पिनची धन-ऋण बाजू तीच आणि अँपिअर तेवढेच किंवा जास्त असावेत. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर पुष्कळदा त्याच भोकात व्यवस्थित बसतो आणि तो लावल्यास डिस्कचे सर्किट क्षणात जळू शकते. टेबलाखाली चार-पाच काळे अ‍ॅडॉप्टर एकत्र पडलेले असतील, तर प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवून ठेवावी.

विजेचा दोष संगणकाच्या बाहेर किती दूरवर असू शकतो याचे एक उदाहरण देतो. नारायण पेठेतील एका डीटीपी कार्यालयात बॅकअपची डिस्क दिवसातून अधूनमधून नाहीशी होत असे. केबल बदलली होती, पोर्ट बदलले होते, विंडोजही नव्याने टाकून झाले होते. तिथे काही वेळ बसून राहिल्यावर लक्षात आले, की लेसर प्रिंटर छपाईला सुरू होताना खोलीतली ट्यूबलाइट किंचित मिणमिणते आणि त्याच क्षणी डिस्कचा दिवा विझून पुन्हा लागतो. लेसर प्रिंटर आपला फ्यूझर, म्हणजे टोनर कागदावर पक्का करणारा भाग, तापवण्यासाठी क्षणभर मोठा प्रवाह ओढतो. डिस्कचा जुना अ‍ॅडॉप्टर त्याच एक्स्टेन्शन बोर्डवर होता आणि बोर्डची भिंतीतली पिनही सैल होती. संगणक यूपीएसवर असल्यामुळे त्याला याचा पत्ताच लागत नव्हता. डिस्कचा अ‍ॅडॉप्टर बदलून तो यूपीएसवर घेतला आणि प्रिंटर भिंतीवरच्या वेगळ्या सॉकेटला लावला, तेव्हा तक्रार थांबली. (प्रिंटर यूपीएसवर घेणे हा त्यावरचा उपाय नव्हे, लहान यूपीएसला तो भार पेलत नाही.)

हीच गोष्ट वीज जाते तेव्हाही घडते. गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद होते किंवा पावसाळ्यात दिवसातून अनेकदा ये-जा करते. संगणक यूपीएसवर तग धरतो, पण डिस्कचा अ‍ॅडॉप्टर साध्या बोर्डवर असेल तर चालू बॅकअपच्या मधोमध डिस्क बंद पडते. ज्या यंत्रावर डेटा लिहिला जातो त्याची वीज आणि संगणकाची वीज एकाच यूपीएसवरून यायला हवी.

जुन्या वाड्यांतील खोल्यांमध्ये अर्थिंग हाही स्वतंत्र विषय आहे. तीन पिनी सॉकेट बसवलेले असते, पण त्याच्या मागे अर्थिंगची तार कित्येकदा नसतेच. अशा ठिकाणी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात आणि टेस्टरही मंद पेटतो, कारण अर्थिंगअभावी पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून येणारे व्होल्टेज पत्र्यावर तरंगत राहते. त्यातच वेगळ्या अ‍ॅडॉप्टरवरची डिस्क जोडताना केबलच्या आवरणातून हा फरक क्षणभर वाहतो. डिस्क तुटते, कधी पोर्टही कायमचे निकामी होते. झिणझिण्या येत असतील तर डिस्कचा शोध तिथेच थांबवावा आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे. हा प्रश्न डेटाच्याही आधी माणसाच्या जिवाचा आहे.

केबल आणि पोर्ट

पुष्कळ २.५ इंची डिस्कवर मायक्रो-बी यूएसबी ३ प्रकारचे चपटे, रुंद सॉकेट असते. ते नीट निरखून पाहिले तर त्याचे दोन भाग दिसतात: एक मोठा आणि त्याला लागून एक लहान. मोठा भाग म्हणजे जुन्या मोबाइलचे मायक्रो-यूएसबी सॉकेटच असते. यूएसबी ३ चा वेग देणारे पाच जादा संपर्क लहान भागात असतात. हे सॉकेट उथळ असल्याने केबल त्याच्यात घट्ट बसत नाही, आणि डिस्क टेबलाच्या कडेवर ठेवून केबल खाली लोंबत राहिली तर तिच्या वजनानेच जोड सैल होत जातो.

या रचनेचा तपासणीसाठी फार चांगला उपयोग होतो. जुन्या मोबाइलची डेटा नेणारी मायक्रो-यूएसबी केबल त्या मोठ्या भागात बसते. ती लावून डिस्क दिसली आणि टिकून राहिली, तर डिस्क, केसिंगमधले सर्किट आणि फाइल सिस्टिम या सगळ्या गोष्टी बव्हंशी ठीक असून दोष मूळ केबलच्या किंवा पोर्टच्या यूएसबी ३ भागात आहे, असे समजावे. वेग कमी, साधारण सेकंदाला ३० ते ४० मेगाबाइट मिळेल. पण अडलेला बॅकअप उतरवून घेण्यासाठी तेवढा पुरतो. केबल मात्र डेटाचीच असावी. काही स्वस्त केबलींमध्ये चार्जिंगच्या दोनच तारा असतात. त्यांनी डिस्कचा दिवा लागतो, डिस्क फिरतेही, पण संगणकाला काहीच कळत नाही.

नवी केबल घेताना लांबीचा मोह टाळावा; अर्धा मीटर पुरेशी असते. जाड, आखूड केबल कमी व्होल्टेज खाते. पावसाळ्यानंतर संपर्कांवर चढलेला मळकट थर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने काढता येतो; बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत असे सामान मिळते. पुसताना डिस्क आणि संगणक दोन्ही बंद असावेत आणि अल्कोहोल पूर्ण वाळू द्यावे.

एवढे करून डिस्क दुसऱ्या एखाद्या संगणकाला लावून पाहावी. दोन संगणकांवर, दोन केबलींनी ती तशीच वागत असेल तर दोष डिस्कच्या बाजूचा. एकाच संगणकावर वागत असेल तर पुढचा भाग वाचावा.

संगणकाच्या बाजूचे दोष

विंडोजमध्ये स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडावा आणि तो डोळ्यांसमोर ठेवूनच डिस्क जोडावी. यादी एकदा तरी हलते का, हे पाहायचे असते. ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ आणि सोबत कोड ४३ दिसत असेल, तर पोर्टला काहीतरी जोडले गेल्याचे कळले आहे, पण समोरच्याने आपली ओळख दिलेली नाही. ही खूण बहुधा केबलची, अपुऱ्या विजेची किंवा केसिंगमधल्या सर्किटची असते. ती नोंद अनइन्स्टॉल करून संगणक रीस्टार्ट करावा. ‘रीस्टार्ट’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे: विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे ‘शट डाउन’ केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद न होता संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि अडकलेला यूएसबी ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी तसाच परत येऊ शकतो. रीस्टार्टमध्ये सगळे नव्याने सुरू होते.

काही वेळ काम न केल्यावरच डिस्क नाहीशी होत असेल, तर संशय वीजबचतीवर घ्यावा. पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करावे आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ पानावरील, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा देणारी खूण काढावी. लॅपटॉपवर याने बॅटरी थोडी लवकर उतरते, पण डिस्क मध्येच झोपण्यापेक्षा ते परवडते.

लिनक्सवर याच तपासणीसाठी डीमेसेज (dmesg) या आज्ञेने दिसणारी प्रणालीची नोंद वाचावी. तिथे ‘रीसेट’ हा शब्द पुन्हा पुन्हा येत असेल तर तो जवळपास नेहमीच वीज किंवा केबलकडे बोट दाखवतो.

डिस्क आहे, पण उघडत नाही

डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कचे नाव दिसते आणि ‘धिस पीसी’मध्ये ती नाही, अशा वेळी डिस्क मॅनेजमेंट उघडावे. तिथे पार्टिशन ‘हेल्दी’ असूनही त्याला अक्षर दिलेले नसेल, तर राइट क्लिक करून ड्राइव्ह लेटर द्यावे. कार्यालयात सर्व्हरवरचे फोल्डर ई किंवा एफ अशा अक्षरांना जोडलेले असतील तर टक्कर होऊ शकते. म्हणून बॅकअपच्या डिस्कला वर्णमालेच्या शेवटचे, एक्स किंवा वाय असे कायमचे अक्षर देऊन ठेवावे. डिस्क ‘ऑफलाइन’ दिसत असेल आणि ती दुसऱ्या डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे क्लोन असेल, तर दोन्हींची ओळखखूण एकच असल्याने विंडोजने एक बाजूला ठेवलेली असते. अशा दोन डिस्क एका वेळी एकाच संगणकाला लावू नयेत.

फोटो स्टुडिओंसाठी यातली एक शक्यता विशेष महत्त्वाची आहे. एडिटिंग मॅकवर होते, अल्बमची मांडणी विंडोजवर होते आणि डिस्क दोन्हींमध्ये फिरत राहते. मॅकने एपीएफएस किंवा एचएफएस प्लस पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क विंडोजला वाचता येत नाही आणि विंडोज ती फॉरमॅट करण्याचे सुचवते. डिस्क पूर्ण निरोगी असते, लग्नाचे सगळे फोटो तिच्यावर शाबूत असतात, आणि नव्या मदतनिसाने ‘ओके’ दाबले की सारे संपते. दोन्हीकडे चालण्यासाठी एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करणे हा मार्ग आहे. पण त्यात बदलांची आगाऊ नोंद ठेवणारी जर्नलची सोय नसल्यामुळे मध्येच केबल निघाल्यास तो विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएस पद्धतीपेक्षा अधिक सहज बिघडतो. म्हणून एक्सफॅटची डिस्क फक्त ने-आण करण्यासाठी ठेवावी. एकमेव बॅकअप तिच्यावर ठेवू नये.

फाइल सिस्टिमच्या जागी ‘रॉ’ असे लिहिलेले आले, तर नोंदी बिघडल्या आहेत, किंवा पार्टिशन विंडोजला न समजणाऱ्या पद्धतीचे आहे, किंवा डिस्कवरून वाचताच येत नाही. पहिल्या कारणासाठी चेक डिस्क हे विंडोजमधील दुरुस्तीचे साधन चालवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला मान्य नाही. चेक डिस्क फाइल सिस्टिम सुसंगत करते, तुमच्या फाइली वाचवण्याची हमी घेत नाही, आणि त्यासाठी ती डिस्कवर लिहिते. डिस्क आतून खराब होत असेल तर या लिहिण्याने उरलेसुरलेही जाऊ शकते.

डिस्कच जात असेल तर

क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या साधनाने डिस्कची ‘स्मार्ट’ नोंद, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवलेली नोंद, पाहावी. काही केसिंगमधून ही नोंद बाहेर येत नाही. आली तर ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी आधी वाचाव्यात. ०५ म्हणजे खराब ठरल्याने राखीव जागेत हलवलेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणुकीचे छोटे तुकडे), सी५ म्हणजे वाचताना अडलेले व निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर आणि सी६ म्हणजे तपासणीत दुरुस्त न होऊ शकलेले सेक्टर. सी५ चा आकडा दर आठवड्याला वाढत असेल, तर केबल आणि सेटिंग यांचा शोध थांबवून आधी डेटा काढावा. सगळ्यात अमूल्य फोल्डर पहिल्यांदा, बाकीचे नंतर. वाचताना डिस्क अडखळत असेल तर लिनक्समधील डीडीरेस्क्यू वापरून तिची पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. ते आधी सहज वाचले जाणारे भाग उचलते आणि अडलेल्या जागांवर नंतर परतते. दुरुस्तीचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करावेत.

मागच्या पोर्टला, चांगल्या केबलने आणि खात्रीच्या अ‍ॅडॉप्टरवरही खटखट आवाज येत राहिला, तर डिस्क त्या क्षणी बंद करावी आणि पुन्हा लावून पाहू नये. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा उपाय अजूनही सुचवला जातो. तसे केल्यास आतमध्ये दव धरते आणि थाळीवर ओरखडे उठतात. झाकण उघडणेही तसेच घातक आहे. दुसऱ्या डिस्कचे सर्किट बोर्ड बसवून आजच्या डिस्क सहसा चालत नाहीत, कारण बोर्डवरील रॉममध्ये त्या एकाच डिस्कची जुळणी साठवलेली असते. केसिंगमधून डिस्क काढून थेट संगणकाच्या साटा पोर्टला, म्हणजे आतली डिस्क जोडतात त्या पोर्टला, लावणे हा चांगला मार्ग आहे, मात्र दोन अडचणी लक्षात घ्याव्यात: काही डिस्कमध्ये यूएसबीचे सॉकेट डिस्कच्याच बोर्डवर बसवलेले असते, आणि काही केसिंग सगळा डेटा स्वतःच कूटबद्ध करून लिहितात, त्यामुळे थेट जोडल्यावर तो वाचता येत नाही.

टिळक रस्त्यावरच्या किंवा अन्य कोठल्या दुकानात डिस्क डेटा काढण्यासाठी द्यायची झाली, तर देण्यापूर्वी तिच्यावरील लेबलचा, सिरियल क्रमांक स्पष्ट दिसेल असा फोटो काढून ठेवावा. आजवर काय काय करून पाहिले, आवाज केव्हापासून येतो, डिस्क पडली होती का, हे सारे एका कागदावर लिहून डिस्कसोबत द्यावे. पाहणाऱ्याचा त्याने बराच वेळ वाचतो. तपासणीचे शुल्क किती, डिस्क उघडण्यापूर्वी विचारले जाईल का आणि डेटा मिळाला नाही तर काय आकारले जाईल, हे लेखी घ्यावे. काढलेला डेटा त्याच डिस्कवर परत घेऊ नये. रिकामी नवी डिस्क सोबतच द्यावी.